खोक्यातला आवाज

अडीच लाख रुपयांत काय काय येतं याची यादी आमच्या हिने मला एकदा उभ्याउभ्या ऐकवली. स्थळ : भाच्याचं अमेरिकेतलं स्वयंपाकघर, नॅशव्हिलपासून पाऊण तासावर. प्रसंग : कांदेपोहे. यादीत पुण्याच्या न्हाणीघराच्या फरशा होत्या, गच्चीची गळती होती, दोघांची चारधाम यात्रा होती आणि माझा एक गुडघा होता. एकच. दुसऱ्याचं काय, असं मी विचारलं, तर "तो राहू द्या गिटार ठेवायला" असं उत्तर मिळालं.

"आणि तुम्ही," पोह्यांवर लिंबू पिळत ती म्हणाली, "एक खोकं घ्यायला निघालाय!"

हल्ली आपल्याकडे खोकं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही उभं राहतं, आणि त्या हिशेबाने माझं खोकं अगदीच किरकोळ. मी म्हणत होतो ते खरोखरीचं लाकडी खोकं. आत एक स्पीकर, वर पाचसहा बटणं, मागे एक वायर. स्टील गिटार वाजवणाऱ्यांसाठी दोन माणसांच्या कारखान्यात हाताने बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर. किंमत तीन हजार डॉलर. डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर दोन लाख पंचावन्न हजार. त्यातले वरचे पाच हजार मी बायकोला सांगितले नव्हते. संसारात थोडीफार सूट-सवलत चालते.

तर या खोक्यात अडीच लाखांचं नेमकं असतं काय? हा प्रश्न तिने रागाने विचारला होता, पण प्रश्न म्हणून तो अगदी रास्त होता. मी चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत. कर्ज मागायला आलेल्या माणसाला मीही हेच विचारत असे, फक्त पोहे नसत.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. बावन्न वर्षं मी हवाईयन गिटार वाजवतो आहे. बँकेबद्दल पेन्शन मिळतं, गिटारीबद्दल शेजाऱ्यांची बोलणी. मी गिरगावात शिकायला लागलो ते १९७३ साली. त्या काळी हिंदी सिनेमाची गाणी गिटारवर वाजवलेल्या तबकड्या घरोघर असत. व्हॅन शिपली, हजारा सिंग ही आमची दैवतं. ही गिटार छातीशी धरून उड्या मारायची नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, आणि डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी दांडी तारांवरून सरकवायची. पडदे असतात, पण ते नुसते रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारखे. गाव नेमकं कुठे आहे ते तुमचं तुम्हीच शोधायचं. दांडी केसभर इकडेतिकडे झाली की कणसूर. जमली तर मात्र अशी मींड निघते की माणसाचा गळाच वाटावा. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांच्या संतूरशेजारी आणि हरिप्रसादांच्या बासरीशेजारी ब्रिजभूषण काब्रांनी हीच आडवी गिटार मांडून बसवली. त्यानंतर "हे काय तुमचं हवाई बेटांवरचं वाद्य" असं म्हणणाऱ्यांची तोंडं पुष्कळशी बंद झाली. आमच्या वडिलांचं सोडून.

अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द तेव्हा आमच्या लेखी गणपतीतल्या लाऊडस्पीकरवाल्याचा. त्याची हातापाया पडून परवानगी काढायची आणि त्याच्या यंत्रात आपली वायर खुपसायची. ते यंत्र बनवलं होतं घोषणांसाठी. त्यामुळे माझी गिटार आणि 'निळी चड्डी घातलेला एक पाच वर्षांचा मुलगा सापडला आहे' ही दोन्ही त्या कर्ण्यातून एकाच स्वरात बाहेर पडत. एकदा मी मोठ्या भावनेने एक दर्दभरी चाल वाजवली, तर खालून एक बाई मुलगा न्यायला वर आली.

पुढे पगारवाढ झाल्यावर मी एक जुना, व्हॉल्व्हचा, अठ्ठावीस किलोंचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तो आता पुण्यात माळ्यावर आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

भाच्याचा शेजारी हा एक शहात्तर वर्षांचा गृहस्थ. उभा जन्म शाळेची बस चालवली आणि रविवारी चर्चमध्ये स्टील गिटार वाजवली. त्याची गिटार आमच्यासारखी मांडीवरची नव्हे. चार पायांवर उभी, दहा तारांची, खाली पेडलं, गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या. वाजवणारा माणूस लांबून बघितला तर शिवणयंत्रावर बसून मोटार चालवतोय असं वाटतं. आम्हा दोघांची ओळख भाच्याच्या कुंपणावर झाली. मी स्टील गिटार वाजवतो हे कळल्यावर त्याने जो हात धरला तो थेट त्याच्या गॅरेजमध्ये नेऊन सोडला. तिथे मोटार नव्हती. मोटार बाहेर पावसात होती. गॅरेजमध्ये अ‍ॅम्प्लिफायर होते.

आता इथे जरा इतिहास सांगणं भाग आहे, कारण तो मोठा गमतीचा आहे. विजेच्या गिटारीचा आणि तिच्या अ‍ॅम्प्लिफायरचा हा सगळा संसार थाटला गेला तो मूळचा आम्हा स्टीलवाल्यांसाठी! जोसेफ केकुकू नावाच्या हवाई बेटांवरच्या पोराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवरून पोलाद सरकवायला सुरुवात केली असं मानतात. पुढे अमेरिकेत या वाद्याचं खूळ पसरलं. पण बँडमध्ये त्या बिचाऱ्याचा आवाजच ऐकू येईना. म्हणून १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकरवाल्यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक विजेची गिटार काढली. दिसायला हुबेहूब लांब दांड्याचा तवा, आणि नावही 'फ्राइंग पॅन'. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायचीच होती. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने १९४५ च्या सुमारास धंद्याला सुरुवात केली तीही मांडीवरच्या स्टील गिटारी आणि त्यांचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर विकूनच. रॉक अँड रोलची पोरं फार मागाहून आली. पण ती आली आणि सगळं दुकान त्यांचं झालं. आता मोठे कारखानदार अ‍ॅम्प्लिफायर बनवतात ते त्यांच्यासाठी. आम्ही म्हणजे वाड्याचे मूळ मालक, पण राहायला जिन्याखाली.

दोघांना हवं असतं नेमकं उलटं, ही खरी अडचण. रॉकवाल्याला अ‍ॅम्प्लिफायर फाटलेला हवा. आवाज ठासून भरायचा, व्हॉल्व्हला सोसवेनासा झाला की तो जो घोगरा, खरखरीत सूर निघतो तोच त्यांचा मोक्ष. स्टीलवाल्याचं तसं नाही. तो दोनतीन तारा एकदम छेडतो, त्यावरून दांडी सरकवतो. असे तीन सूर फाटक्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गेले की त्यांचा काला होतो. शिवाय त्याच्या उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं पेडल असतं. तार छेडताना ते अर्धवट दाबलेलं ठेवायचं, आणि तार जसजशी विझत जाईल तसतसं हळूहळू खाली दाबत जायचं. त्यामुळे सूर मरतच नाही, लांबच लांब रेंगाळतो. ऐकणाऱ्याला वाटतं काय दमसास आहे! दमसास पायाचा असतो. पण म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात नेहमी शिल्लक लागते. सूर क्षीण होत असताना यंत्राने न फाटता वाढत राहायचं. महिन्याच्या तीस तारखेला ज्याच्या खात्यात पैसे असतात असा खातेदार पाहिजे. असे खातेदार मी चौतीस वर्षांत मोजकेच पाहिले.

म्हणून स्टीलवाल्यांना हातबनावटीच्या यंत्रांची ओढ जुनी आहे. १९५३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बॉब क्रुक्स नावाचा गृहस्थ 'स्टॅन्डेल' नावाचे अ‍ॅम्प्लिफायर हाताने बनवू लागला. आत पंधरा इंची स्पीकर, आवाज काचेसारखा स्वच्छ. स्पीडी वेस्टसारखा नावाजलेला स्टीलवादक ते वापरत असे. पुढे १९७०-८० च्या दशकांत मिसिसिपीतल्या पीव्ही कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारे, दोनशे वॉटच्या घरातले, पंधरा इंची स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर काढले. त्यातला 'नॅशव्हिल ४००' तर इथल्या स्टीलवाल्यांच्या घरी आपल्याकडच्या पाटा-वरवंट्यासारखा. दिसायला तसाच, उचलायलाही तसाच. जुना घेतला तर काही शे डॉलरमध्ये मिळतो.

काही शे! आणि माझं खोकं तीन हजार! आता तुम्हीही बायकोच्या बाजूला गेला असाल. मीही मनातून डळमळलोच होतो. म्हणून म्हातारबुवांनी परीक्षा सुचवली तेव्हा मी लगेच कबूल झालो.

परीक्षा अशी. गॅरेजमध्ये तीन अ‍ॅम्प्लिफायर. एक पीव्ही. एक फेंडरचा 'ट्विन रिव्हर्ब', १९६३ पासूनचा खानदानी नमुना, व्हॉल्व्हचा, ८५ वॉट, बारा इंची दोन स्पीकर, वजन सुमारे एकोणतीस किलो. आणि तिसरा तो तीन हजारांचा, दोन माणसांच्या कारखान्यातला, म्हातारबुवांना पंधरा दिवस वापरून बघायला मिळालेला. वाजवणार ते. वायर बदलणार भाचा. मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर. शाळेत असताना भिंतीकडे तोंड करून मी पुष्कळ उभा राहिलो आहे, पण त्यामागे विज्ञान नव्हतं.

आधी हलक्या आवाजात झालं. बारा इंची कुठला आणि पंधरा इंची कुठला ते मी दरवेळी ओळखलं. जाड तारांचा घुमारा लपत नाही. पण व्हॉल्व्हचा कुठला आणि ट्रान्झिस्टरचा कुठला? इथे माझी दांडी गुल. ज्याला मी "वा, हा खरा जुन्या रेडिओचा गोडवा!" म्हणून मान डोलावली तो पीव्ही निघाला. भाचा सभ्य मुलगा आहे. तो हसला नाही. पण "मामा, पुन्हा एकदा ऐकतोस का?" हे त्याने ज्या सुरात विचारलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मग आवाज चढवला. आता मात्र ट्विनचा चेहरा लाल होऊ लागला. मोठ्या सुराच्या कडा किंचित उसवायला लागल्या. रॉकवाला इथे खूष झाला असता. बाकीचे दोघे शांत. सगळ्यांत शांत तो तीन हजारांचा. वॉटच्या आकड्यांचं एक मोठं फसवं गणित आहे. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, तो जेमतेम कळण्याइतका वाढतो. आवाज दुप्पट भासायला वॉट दहापट लागतात. तेव्हा जाहिरातीतले मोठे आकडे मोठ्या आवाजासाठी नसतात, ते न फाटण्यासाठी असतात. हे जाहिरातीत लिहिलं तर खपही वाढेल, पण लिहीत नाहीत.

एवढ्यावरून माझा निकाल तयार होता : स्पीकर कळतो, शिल्लक कळते, बाकी सगळं भक्ती. पण भक्तीवरही थोडं बोललं पाहिजे, कारण खरा पैसा तिथेच जातो.

या पंथाचे महंत म्हणजे कॅलिफोर्नियातले अलेक्झांडर डंबल. ते २०२२ साली गेले. जन्मभरात त्यांनी काही शे अ‍ॅम्प्लिफायर बनवले, गिऱ्हाईक पाहून, त्याचं वाजवणं ऐकून. आतली जोडणी कुणी पाहू नये म्हणून तिच्यावर ते राळेसारखा चिकट लगदा ओतून ठेवत. आज त्यांचं एकेक खोकं लाख डॉलरच्या वर जातं. मांडीवरच्या स्टीलचा मोठा वादक डेव्हिड लिंडले हे डंबल वापरत असे, आणि त्याच्या हातात ते यंत्र मुद्दाम फाडूनही असं गात असे की माझा वरचा 'स्वच्छ आवाजा'चा सिद्धान्त तिथे गुंडाळून ठेवावा लागतो. (आफ्रिकी-अमेरिकी चर्चमधल्या 'सेक्रेड स्टील'वाल्यांपुढेही तो असाच गुंडाळावा लागतो. रॉबर्ट रँडॉल्फ ऐका म्हणजे कळेल. सिद्धान्त मांडताना माणसाने गुंडाळायला दोरी जवळ ठेवावी.) पण लिंडलेच्या आवाजातलं लिंडले किती आणि लगदा किती? लाख डॉलर देणारा शेठ लगदा विकत घेतो. लिंडले काही त्यात येत नाही.

'हाताने बनवलेलं' या शब्दावर माझा जीव आहे. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढताना मी पाहिली आहे. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा एकदा फिरवतो आणि मुकं लाकूड एकदम बोलायला लागतं. तिथे हात म्हणजेच आवाज. तो हात गेला की तो आवाज गेला. पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सोल्डरचा एक ठिपका माणसाने दिला काय आणि यंत्राने दिला काय, तो नीट बसला असेल तर वीज दोन्हीकडून सारखीच जाते. तिला कारागिराचं गोत्र कळत नाही. हातजोडणीचा फायदा आहे, पण तो वेगळा. वीस वर्षांनी बिघडलं तर कुणीही जाणकार झाकण काढून आतला एखादा भाग बदलू शकतो. हा फायदा लहान नव्हे. माझ्या एका यंत्राबाबत एका दुरुस्तीवाल्याने आत डोकावून "आजोबा, हे फेकून द्या" असं सांगितलं होतं. तो नक्की यंत्राबद्दलच बोलत होता असं मी धरून चाललो आहे. पण हा फायदा दुरुस्तीचा आहे, आवाजाचा नाही. आणि जाहिरात आवाजाची असते.

हे सगळं मी रात्री बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे यंत्रावरचं स्वस्त आणि हाताचं महाग, आणि लांबून फरक कळत नाही."

"अगदी बरोबर!"

"मग माझ्या पैठणीच्या वेळी हे गणित कुठे गेलं होतं? तेव्हा म्हणालात, हातमागाची ती हातमागाची."

मी म्हटलं, पैठणीचं वेगळं. वेगळं कसं, ते मात्र मला सांगता आलं नाही. अजून विचार चालू आहे. पण त्यानिमित्ताने त्या दोन माणसांच्या बाजूनेही हिशेब करून पाहिला. स्पीकर विकतच आणावा लागतो, ट्रान्स्फॉर्मर थोडेच घ्यायचे म्हणून महाग पडतात, खोक्याची सुतारकी, कापड, जोडणीचे कितीतरी तास, शिवाय भाडं आणि पोटपाणी. महिन्याला मोजकीच यंत्रं होणार आणि गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखी जिन्याखालची जमात. तीन हजारांत त्यांना बंगला बांधता येत असेल असं मला वाटत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर किंमत खोटी नव्हती. गिऱ्हाइकाला परवडणारी नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवांनी भाच्याने माझ्यासाठी आणून ठेवलेली मांडीवरची गिटार त्या यंत्राला लावून दिली आणि म्हणाले, "आता तुम्ही." बावन्न वर्षांचा सगळा रियाज मी बोटांत आणला. एक हळुवार जुनं गाणं घेतलं. पहिली मींड घेतली आणि हबकलो. दांडी जिथे थांबायला हवी होती तिच्या केसभर अलीकडे थांबली होती. दुसरी केसभर पलीकडे. तिसरी तर मी सांगतही नाही. आमच्या लाऊडस्पीकरवाल्याच्या यंत्राने, पुढे माझ्या व्हॉल्व्हवाल्याने, आणि त्यात कायम अर्ध्याच्या वर फिरवून ठेवलेल्या घुमाऱ्याच्या बटणाने इतकी वर्षं माझी अब्रू झाकली होती. या सज्जन खोक्याने ती पाच मिनिटांत चव्हाट्यावर आणली. अडीच लाख मोजून माणसाला काय मिळतं? स्वतःचा बेसूर, कणाकणाने, स्वच्छ.

बायको दारात उभी होती. तिने इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्यावर कधी मत दिलेलं नाही. तिला ते ऐकू येत नसावं अशी माझी समजूत होती.

"आज जरा कळलं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही कुठे चुकता ते."

मी घुमाऱ्याचं बटण शोधत होतो तेवढ्यात म्हातारबुवा म्हणाले, बंदच राहू द्या. आणि मग पहिल्यांदा त्यांनी ते यंत्र कशासाठी घेत आहेत ते सांगितलं. मी आवाजाची चर्चा करत होतो, डंबल काढत होतो, मिरज काढत होतो. त्यांनी नुसता माझा हात धरून खोक्याच्या मुठीवर ठेवला. "उचला."

मी पवित्रा घेऊन, श्वास कोंडून उचलायला गेलो आणि जवळजवळ मागे पडलो. अकरा किलो! पुढच्या बाजूला दोन व्हॉल्व्ह, मागे नव्या पद्धतीचं, जड ट्रान्स्फॉर्मरशिवाय चालणारं यंत्र, आणि हलक्या चुंबकाचा बारा इंची स्पीकर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून रविवारचं वाजवणं बंद. बोटं ठीक, कान ठीक, पाय ठीक. फक्त पीव्ही गॅरेजमधून गाडीत, गाडीतून चर्चच्या पायऱ्यांवर न्यायचा कुणी? पहिले काही रविवार कुणी ना कुणी आलं. मग लोकांना विचारायचा संकोच वाटू लागला. मग बोटं दुखतात असं सांगू लागले. म्हणाले, "माझ्या ओळखीच्या स्टीलवाल्यांपैकी बहुतेकांनी वाजवणं सोडलं ते हातामुळे नव्हे. उचलण्यामुळे."

मी काही बोललो नाही. माळ्यावरच्या अठ्ठावीस किलोंबद्दल सांगतो म्हणालो होतो, ते हेच. पासष्टीपर्यंत आम्ही चारपाच जण दर शनिवारी एकाच्या घरी जमत होतो. तबला, व्हायोलिन, एक पेटी आणि मी. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एका शनिवारी मी दुसऱ्या मजल्यावर यंत्र खाली ठेवलं आणि त्यावरच बसून राहिलो. त्यानंतर मी गेलो नाही. मित्रांना सांगितलं, हल्ली बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. बायकोलाही तेच सांगितलं होतं.

त्या रविवारी आम्ही सगळे चर्चला गेलो. म्हातारबुवांनी एका हातात खोकं घेतलं आणि दुसऱ्याने कठडा धरून पायऱ्या चढले, मधे न थांबता. त्यांची ती पेडलांची गिटार पेटीसकट तीसएक किलोंची आहे. ती भाच्याच्या वाट्याला आली. त्याबाबतीत विज्ञानाने अजून काही केलेलं नाही. ते वाजवायला बसले. पहिला सूर थोडा थरथरला, पायाने त्याला अलगद उचलून धरलं आणि तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. वाजवणं मध्यम होतं, समीक्षक म्हणून मला हे नोंदवलं पाहिजे. मी डोळे पुसत होतो ते इथे नोंदवायची गरज नाही.

परतताना गाडीत बायकोने विचारलं, "किती किलो म्हणालात?"

"अकरा."

"नक्की?"

"काट्यावर ठेवून पाहिला."

मैलभर ती गप्प होती. मग मी तिला माझा सुधारित प्रस्ताव सांगितला. आवाजासाठी पैसे मोजायचे नाहीत, नावासाठी नाहीत, लगद्यासाठी तर नाहीतच. मोजायचे ते शिल्लक आणि वजन यांच्यासाठी. तेवढं या पद्धतीच्या नुसत्या डोक्यात येतं, म्हणजे स्पीकरशिवायच्या यंत्रात. ते तीनेक किलोंचं, हजारेक डॉलरचं, आणि आपल्या २३० व्होल्टवरही चालणारं मिळतं. जुन्या पद्धतीचं अमेरिकन यंत्र नेलं तर त्याच्यासाठी व्होल्ट उतरवणारा आणखी एक धोंडा वाहावा लागतो. हलका स्पीकर वेगळा घ्यायचा आणि खोकं पुण्यात सुताराकडून करून घ्यायचं.

"सुतार कोण?"

"आपला नेहमीचा."

"त्याने केलेलं स्वयंपाकघराचं कपाट अजून बंद होत नाही."

"खोकं बंद व्हायचं नसतं गं. मागून थोडं उघडंच लागतं."

तिने मनाशी आकडेमोड केली. फरशा होत होत्या. गळतीचं निम्मं काम होत होतं. चारधामपैकी दोन धामं. गुडघा मात्र पुढच्या वर्षावर जात होता.

"तिसरा मजला आहे ना त्यांचा?" ती म्हणाली. "आणि गिटार किती किलो?"

"चार."

"ती मी घेईन."